सतरा वर्षे पूर्ण

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, एका दंगलीत डोक्यावर वीटही झेलली. पण जे प्रकरण आठवलं की अजून मला खुर्चीत नीट बसवत नाही, त्यात ना रक्त होतं ना चोरी. एका मुलीच्या वयाचा दाखला होता. बुधवारी दुपारी तो माझ्या टेबलावर आला आणि शनिवारी बारा वाजता प्रकरण संपलं. कागदावर तरी संपलं. नावं मी कुणाचीच सांगणार नाही. त्यातली माणसं कुठेतरी असतील, त्यांची मुलंबाळं असतील.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. मी नागपुरातल्या एका ठाण्यात फौजदार होतो आणि आमच्या हद्दीत एक मेडिकल कॉलेज होतं. जुलैत प्रवेशाची यादी लागली की आमची दोन कामं वाढायची. एक म्हणजे यादीपुढच्या गर्दीतले खिसेकापू, आणि दुसरं म्हणजे निनावी अर्ज. ज्याच्या मुलाचं नाव यादीत नाही, त्याला यादीतल्या प्रत्येक मुलाबद्दल काही ना काही माहीत असतं. अशा अर्जांना आमचे ठाणे अंमलदार 'बिनबापाचा कागद' म्हणायचे आणि आवक नंबर टाकून खालच्या खणात सरकवायचे.

हा अर्ज मात्र खालच्या खणात जाण्यातला नव्हता. कॉलेजच्या डीनसाहेबांनी त्यावर स्वतःच्या हाताने शेरा मारला होता, की शनिवारी बारापर्यंत चौकशी अहवाल मिळावा. त्याच वेळी फी भरण्याची मुदत संपत होती. तोवर संबंधित मुलीची फी थांबवून ठेवली होती. अहवाल विरुद्ध गेला तर तिचं नाव कापून प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या मुलाला बोलावणार होते.

तेव्हा मेडिकलसाठी आजच्यासारखी वेगळी परीक्षा नव्हती. बी.एस्सी. भाग एकचे भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचे गुण, त्यावर यादी. पण गुण म्हणजे अर्धंच काम. फॉर्मसोबत गुणपत्रिका, कॉलेज सोडल्याचा दाखला, राज्यात राहत असल्याचा दाखला, प्रकृती धडधाकट असल्याचं डॉक्टरचं प्रमाणपत्र, चांगल्या वर्तणुकीचं प्रमाणपत्र, आणि या सगळ्याच्या राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीच्या सत्यप्रती. शिवाय एक अट अशी, की त्या वर्षीच्या एकतीस डिसेंबरला वयाची सतरा वर्षे पूर्ण झालेली पाहिजेत. एक दिवस कमी पडला तरी फॉर्म बाद.

मुलगी काटोल तहसिलीतल्या एका खेड्यातली. वडील काटोलच्या फळबाजारात संत्र्यांच्या लाकडी पेट्या ठोकायचे. मॅट्रिकच्या सर्टिफिकेटवर तिची जन्मतारीख होती चौदा जानेवारी, आणि त्या हिशेबाने एकतीस डिसेंबरला तिला सतरा पूर्ण व्हायला दोन आठवडे कमी पडत होते. म्हणून तिने तहसिलीतून जन्मनोंदीचा उतारा काढून जोडला होता. शाळेतली तारीख चुकली असेल तर तशी सोय होती. उताऱ्याप्रमाणे ती चांगली एकोणीस वर्षांची होत होती. अर्जदाराचा मुद्दा बिनतोड होता. त्याने लिहिलं होतं, की उतारा खरा धरला तर ही मुलगी पहिलीत गेली तेव्हा आठ वर्षांची होती काय? सबब उतारा बनावट असून चौकशी होणेस विनंती आहे.

'सबब' आणि 'होणेस' वाचून मी ओळखलं की लिहिणारा सरकारी कारकून आहे. अक्षर डाव्या हाताने काढलेलं, वाकडंतिकडं. पण डावीकडे चार बोटं समास सोडलेला आणि टाचणी बरोबर कोपऱ्यात. माणूस अक्षर बदलू शकतो, समास सोडायची सवय जात नाही. प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या मुलाचा फॉर्म मी कॉलेजात पाहिला. वडिलांचा व्यवसाय, कारकून, शिक्षण खात्याचं एक ऑफिस. राहणार इतवारी. अर्ज कुणी केला हे मला पाच मिनिटांत कळलं होतं. पण कुणी केला यावरून अर्ज खोटा ठरत नाही, आणि तेच मला डाचत होतं.

गुरुवारी सकाळी मुलीच्या वडिलांना बोलावून घेतलं. पहिल्या बसने आले, सोबत मुलगीही. तिला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. सडपातळ, दोन वेण्या, मांडीवर कागदांची पिशवी दोन्ही हातांनी धरलेली. वडिलांना आत घेतलं. खिळे आणि पट्ट्या लागून त्यांच्या बोटांवर जुन्या जखमांच्या रेघा होत्या.

"हा दाखला कुठून आणला?"

"तहसिलीतून, साहेब."

"कोणाचा आहे?"

"दाखला खरा हाये."

"मी विचारलं, कोणाचा आहे?"

"खरा हाये, साहेब. शिक्का पाहा ना तुमी."

लबाड माणूस एका प्रश्नाला पाच उत्तरं देतो. अडकलेला माणूस पाच प्रश्नांना एकच उत्तर देतो. हे मला तेव्हाही कळत होतं, तरी माझा तोल गेला. मला मुळातच तोंडातल्या तोंडात बोलणाऱ्या माणसाचा राग येतो, त्यात जुलैचा उकाडा, आणि भिंतीवरचं घड्याळ. मी टेबलावर हात आपटला. म्हटलं, फॉर्मवर मुलीची सही आहे. खोटा कागद खरा म्हणून वापरला तर पहिली आत ती जाईल, मग तुम्ही.

तेव्हा पहिल्यांदा त्यांनी वर पाहिलं. "मले टाका आत. तिचं नाव नका घेऊ."

यापलीकडे संध्याकाळपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. मी त्यांना तसंच बसवून ठेवलं. याचा मला अभिमान नाही.

माहिती काढली ती आमच्या हवालदाराने, बाहेर, चहाचा कप देऊन. मुलगी त्याला म्हणाली होती, "या वर्षी नाही झालं तं दिवाळीनंतर लग्न. बाबानं मामाले शब्द देऊन ठेवला हाये." हवालदाराने विचारलं, मुलगा काय करतो? तर म्हणाली, "मी नाई इचारलं." एवढं बोलून तिने पिशवीतलं पुस्तक काढलं आणि ते उघडून तसंच धरून ठेवलं. पान काही उलटलं नाही, असं हवालदार म्हणाला.

शुक्रवारी मी हवालदाराला घेऊन काटोलची बस धरली. ठाण्यात बसून राहणं मला शक्यच नव्हतं. बाजाराला हंगाम नव्हता, रिकाम्या पेट्यांचे ढीग नुसते रचून ठेवलेले होते. आम्ही सरळ तहसिलीच्या रेकॉर्ड रूममध्ये गेलो.

आमच्या भागातली जुनी पद्धत इथे सांगायला हवी. गावचा कोतवाल घरोघर फिरून जन्म-मृत्यूची माहिती ठेवायचा आणि आठवड्याला ठाण्यात येऊन सांगायचा. ठाण्यातला मोहरीर, म्हणजे लिखापढीचा शिपाई, ती नोंदवहीत उतरवायचा. पुढे या वह्या तहसिलीत जमा व्हायच्या. नोंदीत बाळाचं नाव नसायचं, कारण तोवर बारसं झालेलं नसायचं. गाव, बापाचं नाव, मुलगा की मुलगी, आणि तारीख. बस.

रेकॉर्डकीपरने वही काढून दिली. नोंद जागेवर होती. शाई जुनी, खाडाखोड नाही, क्रम बरोबर. बाप तोच, मुलगी, तारीख उताऱ्यात दिलेली तीच. म्हणजे वडील म्हणत होते ते खरं होतं, दाखला खरा होता. क्षणभर मला हायसं वाटलं, आणि मग व्हरांड्यातली ती सडपातळ मुलगी आठवली. ती एकोणीसची वाटत नव्हती. मी वही उलटी करून मृत्यूची पानं चाळायला लागलो. पाच महिन्यांनंतरच्या पानावर मिळालं. तेच गाव, तोच बाप. मुलगी, वय पाच महिने, ताप.

उतारा खरा होता, पण व्हरांड्यात पिशवी धरून बसलेल्या मुलीचा नव्हता. तिच्या आधी जन्मून गेलेल्या बहिणीचा होता.

"चला साहेब," हवालदार म्हणाला, "झालं काम. दुपारची बस मिळते."

काम खरोखर झालं होतं. अर्जातला मुद्दा शाबीत झाला होता. मी उठलो, टोपी घातली, दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. मला त्या जानेवारीने छळायला सुरुवात केली होती.

खेड्यातल्या मास्तरांनी घातलेल्या जन्मतारखा मला माहीत आहेत. माझी स्वतःची एक जुलै आहे. माझ्या तुकडीतल्या निम्म्या लोकांची एक जुलै किंवा एक जून. आईबापांना तारीख आठवत नाही, मग मास्तर शाळा सुरू व्हायच्या सोयीने एक ठोकून देतो. पण चौदा जानेवारी कुठलाही मास्तर आपल्या मनाने लिहिणार नाही. ती तारीख कुणीतरी आठवून सांगितलेली होती. ज्या घरात तारीख एवढी पक्की आठवते, त्या घराला आधीच्या पोरीचा दाखला का लागावा?

गाव तिथून सहा मैल. सायकली भाड्याने घेतल्या. घरी मुलीची आई होती. अंगणात उभी राहून बोलली, आधी घाबरून, मग सावकाश. मी तिला नवऱ्याबद्दल काहीच विचारलं नाही. तारखेबद्दल विचारलं.

"शाळेत ही तारीख कोणी सांगितली, बाई?"

"मीच सांगतली. संक्रांतीची."

"त्या दिवशी मुलगी झाली?"

"झाली नाई, साहेब. त्या दिवशी घेतली."

"घेतली म्हणजे?"

"इकत घेतली."

हवालदाराची पेन्सिल थांबली. माझ्या डोक्यात लगेच कलमं फिरायला लागली. पोलिसाचं डोकं असंच असतं, दुसरं काही त्यात आधी शिरत नाही. मी विचारलं, "कोणाकडून?"

"लोहारणीकडून. सूपभर ज्वारी देल्ली तिले." मग माझा चेहरा पाहून तिने पदर नीट केला आणि सगळं सांगितलं. "आंधीची दोन गेलती, साहेब. एक पोरगा, मंग एक पोरगी. ही झाली तवा सुईण म्हणे, हे लेकरू तुमचं म्हणू नका. नजर लागते तुमच्या घराले. लोहारणीच्या ओट्यात टाका, तिचं म्हणा, अन् संक्रांतीले इकत घ्या. तसंच केलं. दूध मीच पाजाची, तिच्या घरी जाऊन. पण कोणी इचारलं का कोणाचं लेकरू, तं लोहारणीचं."

"आणि जन्म कधीचा?"

"कोजागिरीच्या दुसऱ्या रोजी, पाहाटे."

"मग शाळेत तीच तारीख का नाही सांगितली?"

तिला माझा प्रश्न विचित्र वाटला असावा. म्हणाली, "ते दिवस कसे मोजाचे? तवा ती आमची कुठं होती? संक्रांतीले आमची झाली, तवापासून मोजलं."

मी तिथे अंगणातच बोटांवर मोजलं. कोजागिरी ऑक्टोबरात. एकतीस डिसेंबरला सतरा वर्षे पूर्ण, वर दोन महिने. पोरगी अटीत बसत होती. पण कागद? बापाच्या नावावर त्या साली नोंद नव्हती, म्हणून तर त्यांनी मेलेल्या पोरीचा उतारा आणला होता. लोहार गाव सोडून गेलेला, लोहारीण वारलेली.

उरला कोतवाल. म्हातारा अजून होता, गावाच्या कडेला नातवाच्या घरी. ऐकायला कमी. मी ओरडून विचारलं, "बाबा, लोहाराच्या घरी कधी मुलगी झाली होती?"

तो हसला. "लोहारणीले लेकरूच नवतं, साहेब. जलमभर नवतं."

"नोंदवहीत पाहिलं तर?"

"वहीत हाये ना. मीच लेहून घेतली ठाण्यात, मोहरीराकडून."

"खोटी नोंद केलीत?"

"मले ठाऊक होतं कोणाची ते. साऱ्या गावाले ठाऊक होतं." त्याने डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं. "पण आपल्या तोंडातून खरं निघालं अन् लेकरू गेलं, तं? बाप तेवढा दुसरा लेयला. लेकरू झालं हे तं खरंच होतं ना?"

सरकारी वहीत जाणूनबुजून खोटा बाप लिहवून घेणारा माणूस माझ्यापुढे बसून बिडी पेटवत होता, आणि मला त्याच्या पाया पडावंसं वाटत होतं. मुलीची आई आमच्यासोबत आली होती. तिला मी विचारलं, हे तुम्हाला माहीत नव्हतं? तर तिलाही नव्हतं. वहीत काय लिहिलं हे कोतवालाने कधी सांगितलं नाही, आणि यांनी कधी विचारलं नाही. त्या तीन महिन्यांबद्दल बोलायचंच नाही, हा नियम. सतरा वर्षं सगळ्यांनी तो इतका नेकीने पाळला, की पोरीच्या जन्माचा खरा पुरावा वहीत पडून राहिला आणि बापाने खोट्याच्या गळ्यात गळा घातला.

आम्ही गावातच जबाब लिहून घेतले आणि सायकली दामटत तहसिलीत परतलो. ऑफिस सुटायला अर्धा तास होता. नोंद सापडली. गाव तेच, लोहाराचं नाव, मुलगी, कोजागिरीचा दुसरा दिवस. तहसीलदार भला माणूस होता. कोतवालाचा, आईचा आणि दोन शेजाऱ्यांचा जबाब वाचून त्याने तिथल्या तिथे उतारा सही करून दिला आणि मागे लिहिलं, की जबाबांवरून सदर नोंद अमुक मुलीचीच असल्याची खात्री पटते. परतीच्या बसमध्ये हवालदार खिडकीला डोकं टेकून झोपला. मी उतारा चार वेळा उघडून पाहिला.

शनिवारी नऊ वाजता बापलेक ठाण्यात आले. मी सांगितलं तेव्हा वडिलांना आधी समजलंच नाही. मग भिंतीला पाठ लावून ते खाली बसले. "म्हंजे ती बसते?"

"बसते."

"त्या दाखल्याची गरज नवती?"

"नव्हती."

त्यांनी दोन्ही हात तोंडावर घेतले. मी दुसरीकडे पाहिलं.

आता एकच अडचण होती. वय पूर्ण असलं तरी खोटा कागद फॉर्मला जोडलेला होता, आणि प्रवेशाच्या नियमात स्पष्ट होतं की जाणूनबुजून खोटा कागद जोडणाऱ्याचा प्रवेश रद्द. बापाचं मी पाहून घेतलं असतं. अजून ही नुसती अर्जाची चौकशी होती, गुन्हा दाखल झाला नव्हता. निरक्षर माणूस, आपल्या नावाने मिळाली ती नोंद घेऊन आला, असं लिहिता येत होतं. फॉर्मवर सही मात्र मुलीची. तिचा जबाब लागणार होता. मी प्रश्न असा विचारला की उत्तर त्यातच होतं.

"तुला या दाखल्याबद्दल काही माहीत नव्हतं. बरोबर?"

"माहीत होतं," ती म्हणाली.

"गप वं," वडील खालून म्हणाले.

"बाबाले वाचता येत नाही, साहेब. तहसिलीत मीच वाचला. तारीख पाहिली तवाच समजलं, हा माझा नाही, आंधीच्या बहिणीचा हाये. मी नको म्हटलं. दोन दिवस फॉर्म तसाच ठेवला. मंग सही केली."

"कोणी जबरदस्ती केली?"

"नाही. मले मेडिकलले जाचं होतं."

रडली नाही, मान खाली घातली नाही. सतरा वर्षांच्या मुलीने इतक्या सरळ आवाजात माझ्याकडे पाहून बोलावं, याची मला सवय नव्हती. साडेदहा वाजले होते. मला तिचा राग आला, अगदी खरा राग. एक 'नाही' म्हटलं असतं तर सगळ्यांची सुटका होती. मी पेन खाली ठेवलं.

ती माझ्या हाताकडे पाहत होती. "साहेब, तुमी लिहून नाही राहिले."

"तू बाहेर बस."

"पण मी जे सांगतलं..."

"बाहेर बस म्हटलं ना."

ती गेली. मी अहवाल लिहिला. वयाबद्दलचा सगळा भाग खरा, पुराव्यासकट. पहिला उतारा दुसऱ्या अपत्याचा असल्याचंही लिहिलं, लपवलं नाही. आणि शेवटी एक वाक्य. 'सदर बाबीची अर्जदार मुलीस माहिती असल्याचे चौकशीत निष्पन्न झाले नाही.' खाली सही, तारीख, गोल शिक्का. जीप नव्हती, सायकलरिक्षा केली. डीनसाहेबांनी अहवाल वाचला, चष्मा काढला आणि एकच विचारलं, "सतरा पूर्ण आहेत ना?"

"पूर्ण आहेत, सर."

बाराला दहा कमी असताना तिची फी भरली गेली. वडील मला खिडकीजवळ दिसले, पावती दोन बोटांत धरून उभे. मी त्यांच्याकडे गेलो नाही.

त्याच दिवशी चारच्या सुमारास इतवारीचा कारकून ठाण्यात आला. बारीक अंगाचा, इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण दारात उभं राहून परवानगी मागायची त्याची पद्धत पाहूनच ओळखलं. मी खुर्ची दिली. आपण अर्ज केला असं तो म्हणाला नाही. म्हणाला, "प्रतीक्षा यादीत माझा मुलगा पहिला होता."

"माहीत आहे."

"तो दाखला तिचा नव्हता, हे खरं आहे का, साहेब?"

"खरं आहे. पण वय पूर्ण आहे तिचं."

"ते नंतर निघालं. तुम्ही काटोलला गेलात म्हणून निघालं." आवाज चढला नाही त्याचा. "माझ्या मुलाला रहिवासाचा दाखला वेळेवर मिळत नव्हता. एकाने सांगितलं, करून देतो, पैसे टाका. मी नाही म्हटलं. आठ दिवस रजा टाकून रांगेत उभा राहिलो. एकही कागद इकडचा तिकडे केला नाही आम्ही."

मी शिपायाला पाणी आणायला सांगितलं. त्याने पाणी घेतलं नाही.

"एकच विचारतो. मुलीला माहीत होतं का?"

मी म्हटलं, "चौकशीत तसं निष्पन्न झालं नाही."

तो छत्री उचलून उठला. "बावीस वर्षं मी हीच भाषा लिहितो, साहेब," म्हणाला. "'निष्पन्न झालं नाही' कुठे लिहितात ते मला माहीत आहे." नमस्कार केला आणि गेला.

त्याचा मुलगा त्या वर्षी गुरांच्या डॉक्टरकीला गेला असं पुढे कळलं. मुलगी यथावकाश एम.बी.बी.एस. झाली. तिचं नाव मी पेपरात निकालाच्या यादीत पाहिलं आणि मला आनंद झाला. तो आनंद खरा आहे, आणि तो मी कुणापासून लपवत नाही. ती जागा तिची होती, गुणांनीही आणि वयानेही. कितीतरी वर्षं मी स्वतःला एवढंच सांगत आलो.

पण त्या कारकुनाने वयाचं विचारलंच नव्हतं. त्याचा अर्ज निनावी होता, स्वार्थाचा होता, आणि त्याने विचारलेली गोष्ट खरी होती. या प्रकरणाने मला शिकवलं ते असं, की चौकशी अधिकाऱ्याला दया करायची संधी मिळते तेव्हा ती तो स्वतःच्या खिशातून करत नाही. ती दुसऱ्या कुणाच्या तरी मुलाच्या वाट्यातून जाते, आणि त्या मुलाला कुणी विचारलेलं नसतं. मी पोरीचं भलं केलं, त्याचं बिल इतवारीला गेलं. पुन्हा तशी वेळ आली तर मी अहवाल बहुतेक तसाच लिहीन. पण चार वाजता तो माणूस समोर येऊन बसला, तर त्याला सांगेन, होय, तिला माहीत होतं, आणि मी ते लिहिलं नाही. पुढे त्याला जिथे तक्रार करायची तिथे त्याने करावी. त्या दिवशी तेवढी हिंमत सतरा वर्षांच्या मुलीत होती, माझ्यात नव्हती.